चिखलाची खुर्ची

प्रकार: चिखल.
जागा: सहा. भरलेल्या: एकही नाही.
सामना: आजपासून तिसरा रविवार, सकाळी दहा.
समोर: नवरा.

एवढं लिहून तिने पेनाला टोपण लावलं. उरलेलं पान कोरं करकरीत. आता निदान पोटात गोळा येईल, म्हणून ती थोडा वेळ तशीच बसली. आला नाही. मग उठून तिने भांडी घासली.

नवरा म्हणजे कागदावर अजून नवराच. टायरच्या दुकानावरच्या खोलीत तो राहायला गेला, त्याला चार महिने झाले. भांडण नाही, आदळआपट नाही, दुसरी कुणी नाही. दुसरी कुणी नाही हे दहा जणांना पटवता पटवताच बिचाऱ्याची दमछाक झाली. तो "मी जातो मग" म्हणाला तेव्हा ती धुतलेले कपडे घडी करत होती. "हं," ती म्हणाली, आणि हातातली चादर चारही टोकं जुळवून नीट ठेवली. चादर त्याची होती. तो घेऊन गेला.

घर वाटून झालं. पातेली, पुस्तकं, दोन्ही पंखे. घोडं अडलं ते खुर्चीपाशी.

खुर्चीचं असं आहे. हार्डवेअरच्या दुकानामागे एक लांबट हॉल आहे, आणि दर रविवारी सकाळी तिथे सोळा माणसं हातात कन्सोल घेऊन जनावरांच्या झुंजी लावतात. खेळ बनवणारी कंपनी त्यांना राक्षस म्हणते. हॉलमध्ये सगळे जनावरंच म्हणतात. माणसंही कुणी शाळकरी नव्हेत. केस पिकलेली, गुडघे कुरकुरणारी, सोमवारी कामावर जाणारी. खेळ सगळीकडे असतो तोच: जनावरं पाळायची, वाढवायची, सहांचा संघ करायचा, समोरच्याचे सहा लोळवायचे. पण या हॉलचा कायदा वेगळा. संघातली सहाही जनावरं एकाच प्रकारची हवीत. सगळी आगीची, किंवा सगळी बर्फाची, किंवा सगळी चिखलाची. प्रकार सोळा, म्हणून खुर्च्या सोळा. ज्याची खुर्ची त्याचा प्रकार, आणि तो उठेपर्यंत दुसऱ्याने त्याकडे नजर वाकडी करायची नाही.

एकाच प्रकारचा संघ म्हणजे आपणहून अंगावर घेतलेलं दुखणं. बाहेर लोक सरमिसळ संघ करतात, एकाचं उणं दुसरा झाकतो. इथे चिखलाला पाणी भारी पडतं म्हटलं की सहाच्या सहा जनावरांना पाणी भारी पडतं. समोरून एक चांगला पाणघोडा आला की घरदार वाहून जायचं. मग चिखलातच असं एखादं शोधायचं, की ज्याला पाणी पचतं. त्याला कुणी चावलं तर दुसरं पुढे करायचं. कुणाला किती ताकद, किती दम, किती चपळाई, हे एकेका गुणाने मोजून वाटायचं. ते मोजायचं काम तिचं. बटणं दाबायचं त्याचं. सहा वर्षं हॉलच्या रजिस्टरमध्ये चिखलापुढे एकच शब्द होता: दोघं.

रजिस्टर पोस्टमनकाकांकडे असतं. निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली, पण एखादा कायदा पत्त्यावर पोचवल्याशिवाय त्यांना अजून चैन पडत नाही.

"एक खुर्ची वाढवा की, काका," भूलवाल्या बाई म्हणाल्या. त्या इस्पितळात पेशंटना भूल देतात आणि इथे बर्फ खेळतात.

"आज यांना दोन दिल्या, तर उद्या लिफ्टवाला म्हणेल माझ्या पायाला वेगळी द्या."

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये होता. "द्याच," तो म्हणाला. "कधीचा लोंबकळतोय."

"तुम्ही आपसात ठरवा," काका दोघांना म्हणाले.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "तुला हवी?"

"हवी. तुला?"

"हवी."

चार महिन्यांत दोघं एकमेकांशी इतकं बोलली नव्हती.

"मग खेळून ठरवा," काकांनी रजिस्टर मिटलं. "जुना संघ ज्याच्या खात्यावर, त्याचा. दुसऱ्याने नवा बांधायचा, चिखलाचाच. तीन आठवडे. हरेल त्याने त्याच दिवशी खुर्ची सोडायची."

खातं त्याच्या नावावर होतं. म्हणजे तिने स्वतःच्या हाताने बांधलेला संघ आता तिलाच पाडायचा होता.

या खुर्चीचं एवढं काय, असं धाकटी बहीण फोनवर विचारायची. तिला ते सांगता येत नसे. आठवड्याचे सगळे तास सारखेच होते. रविवारचे दहा ते एक तेवढे वेगळे. त्या तीन तासांत तिला राग यायचा. हसू यायचं. एकदा तर लिफ्टवाला नशिबाच्या जोरावर जिंकला तेव्हा तिने कपबशी आपटली होती. ते तीन तास गेले तर मागे काय उरतं, हे तिला ठाऊक होतं. दाढ बधिर केल्यावर डॉक्टर आत काहीतरी खरवडतोय हे जसं ठाऊक असतं, तसं.

—

पहिली जागा: पंखाळी.
चिखल, पण पंखवाली. चपळाई: जास्तीत जास्त.
कशासाठी: त्याची लोळणी.

कन्सोल धाकटीने पाठवला, तिच्या नवऱ्याचा जुना. डाव्या बाजूचं बटण चिकट होतं.

"भावोजींना असं हरव की त्यांचं थोबाड पाहण्यासारखं व्हायला हवं," धाकटी म्हणाली.

"त्याचं थोबाड तसंच असतं."

"तुला कळतंय ना, तू विनोद केलास ते?"

"नाही."

"ताई, जेवतेस ना वेळेवर?"

"जेवते की."

मागे धाकटीचा दोन वर्षांचा मुलगा कशावर तरी चमचा आपटत होता. "हे बघ, मावशीला हाय कर," धाकटी म्हणाली. चमच्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

जुन्या संघाचे सगळे आकडे तिच्या वहीत होते. नवऱ्याची प्रत्येक झुंज लोळणीने सुरू होते. लोळणी म्हणजे म्हशीसारखं जनावर. आल्या आल्या जमिनीत खड्डे करतं आणि मग समोरचं जे येईल ते त्यात पाय घालतं. पंखाळीचे पाय जमिनीला लागतच नाहीत. तेव्हा पहिली जागा पंखाळी. इतकं सोपं.

दुसरी जागा: बेंडू. (पाणी पचवतो. पाण्याच्या भीतीने.)

दुसरी जागा: ~~बेंडू.~~ समोर चिखलच आहे. पाणी कुठून येणार. सहा वर्षांची सवय, हात आपोआप बेंडूकडे गेला. खोड.

दुसरी जागा: रेंदुल. विष पेरते, मग वाट बघते.

तिसरी जागा: लोळणी. तीही हवीच. त्याच्या लोळणीची ताकद वहीत एकशे बारा. हिची एकशे तेरा केली. उरलेले गुण दमात टाकले.

चौथी जागा: लिहायची राहिली. त्या दिवशी कामावर उशीर झाला.

—

ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बसवते. दवाखान्यांतून डबे येतात, डब्यात माणसांच्या तोंडाचे साचे. साच्यात प्लास्टर ओतायचं, थरथरत्या टेबलावर धरून बुडबुडे वर आणायचे, घट्ट झालं की सोडवायचं. मग मेणाची हिरडी, हिरडीत एकेक दात. वरचे चौदा, खालचे चौदा. शेवटी वरचा आणि खालचा जबडा यंत्रावर मिटून मध्ये निळा कागद चावायला द्यायचा. ज्या दातावर निळा डाग जास्त, तो उंच. तेवढाच घासायचा. केसाएवढा. एक केस कमी घासला तर म्हाताऱ्या माणसाला आयुष्यभर टोचतो, एक केस जास्त घासला तर अन्न चावलंच जात नाही.

तिच्या शेजारी पॉलिशवाल्या मावशी बसतात. त्यांच्या चाकावर कवळी धरली की पांढरा गारा उडतो, त्यामुळे दुपारपर्यंत त्यांच्या भुवया पांढऱ्या होतात.

"हिला अजून एक हात मारू का?" मावशींनी एक कवळी पुढे केली.

तिने कवळीला निळा कागद चाववून पाहिला. "नको. बसलंय जागेवर."

"तू कधी म्हणजे कधी जास्तीचा हात मारू देत नाहीस."

"पुरेसं झालं की पुरे."

"नवऱ्यालाही असंच सांगितलंस की काय?" मावशी म्हणाल्या, आणि लगेच चाक सुरू केलं; बोलल्याचं त्यांना वाईट वाटलं असावं. तिला वाटलं नाही. तिने पुढचा डबा उघडला. आत एका बाईचा खालचा जबडा होता, पुढचे चार दात नसलेला, आणि साच्यात जीभ किंचित वर उचललेली, काही सांगायला निघाल्यासारखी.

—

चौथी जागा: रिकामीच.
पाचवी जागा: भेगाळ. भाजलेल्या मातीचं जनावर, अंगभर तडे. नाजूक. याला एकच काम: उलटं घड्याळ.

उलटं घड्याळ म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण पुढे सगळं त्यावरच आहे. झुंजीत प्रत्येक फेरीला दोन्ही बाजू आपापली चाल गुपचूप निवडतात, आणि ज्याची चपळाई जास्त, त्याचं जनावर आधी वार करतं. पण एखाद्याने उलटं घड्याळ लावलं, की पुढच्या पाच फेऱ्या सगळं उफराटं होतं. जे मंद, ते आधी. चिखलाच्या खेळात हे फार चालतं, कारण चिखलाची जनावरं मुळातच जागची हलायला तयार नसतात.

सहावी जागा: गाळोबा.

गाळोबा आल्याशिवाय चिखलाचा संघ होत नाही. डोंगराएवढा, दगडाएवढा मठ्ठ, आणि त्याची दरड अंगावर आली की समोरचं उठत नाही. दोन्हीकडे गाळोबा असणार, शेवटी तेच दोघं समोरासमोर येणार, आणि ज्याची दरड आधी कोसळेल, तो जिंकणार. हे तिला पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

गाळोबाची चपळाई जन्मतःच ठरते. वाढवता येते, कमी करता येत नाही. मंद हवा असेल तर अंडी उबवत राहायचं; एकोणीसपासून पन्नासपर्यंत काहीही निघतं. अंडं उबवायचं म्हणजे खेळातल्या रस्त्यावरून ते घेऊन इकडून तिकडे चालत राहायचं, एकेका अंड्याला दहा-बारा मिनिटं. ती बसमध्ये उबवायची. जेवताना एका हाताने उबवायची. धाकटीशी बोलताना उबवायची.

जुन्या गाळोबाची चपळाई वहीत होती: चोवीस. खाली दोन रेघा.

एकतीस. एकोणतीस. बेचाळीस. एकोणतीस. सत्तावीस. तेहेतीस. लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत, सव्वीस. बसथांब्यावर अठ्ठावीस. पंचवीस, आणि तिने मान हलवली. एकोणिसावं अंडं फुटलं ते घरी, स्वयंपाकघराच्या ओट्याशी. तेवीस.

चोवीसला तेवीस. उलट्या घड्याळात एकाने मंद, म्हणजे एकाने आधी. पुरेसं झालं. तिने त्याला संघात घातलं, उरलेले गुण अंगावर वार सोसायला दिले, आणि चौथ्या जागी शेवटी बेंडू लिहिला. कशासाठी, या रकान्यात काही लिहिलं नाही.

—

फेरी १. हॉलमध्ये पंधरा माणसं एका बाजूला. लिफ्टवाल्याचं प्लास्टर निघालं होतं. नवऱ्याने दाढी केली होती, आणि निळा शर्ट घातला होता, इस्त्री न केलेला. "बरी आहेस?" त्याने विचारलं. "बरी आहे." त्याने लोळणी काढली. तिने पंखाळी.

फेरी २. खड्डे पडले, पंखाळी वरून उडत राहिली. कुणीतरी मागे हसलं. नवऱ्यानेही भुवई उचलली. त्याची ती कौतुकाची भुवई तिला ठाऊक होती.

फेरी ३ ते ६. त्याची लोळणी पडली. त्याची रेंदुल पडली. तिचे सहा, त्याचे चार. "ही बांधून आलीय," भूलवाल्या बाई पुटपुटल्या. सगळं वहीप्रमाणे होत होतं. प्रत्येक जनावर किती वार सोसेल, कितव्याला बसेल, बरोबर तेवढंच. तिचे तळहात कोरडे होते. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि तो कुठेतरी होतही असेल.

फेरी ७ ते १२. पण संघ बांधणं वेगळं आणि खेळणं वेगळं. ती नेमकं काय करणार, हे तो सहा वर्षं शेजारी बसून शिकला होता. ती वार करेल तिथे त्याने जनावर बदललं. ती बदलेल तिथे त्याने वार केला. पंखाळी गेली, रेंदुल गेली, लोळणी गेली. चिकट बटण एकदा सलग दोन वेळा दाबलं गेलं आणि बेंडू नको तेव्हा बाहेर आला; तोही गेला. त्याचे दोन पडले. आता तिचे दोन, त्याचे दोन.

फेरी १३. तिच्या भेगाळने त्याची पंखाळी पाडली. पडता पडता त्या पंखाळीने भेगाळचा जीव नखाएवढा करून ठेवला होता. त्याचा शेवटचा: गाळोबा. येताना त्याला जमिनीत पेरलेलं विष लागलं, अर्धा झाला.

फेरी १४. इथे सगळेच पुढे वाकले. पोस्टमनकाकांनी चष्मा पुसला. तिच्याकडे मरणाच्या दारातला भेगाळ आणि मागे गाळोबा, त्याच्याकडे एकटा गाळोबा. भेगाळने वार केला तर गाळोबाला ओरखडाच निघणार, हे तिने घरीच मोजलं होतं. भेगाळ या फेरीत मरणार. मग गाळोबापुढे गाळोबा, आणि एकाच दरडीचा खेळ. वहीतला चोवीसचा, तिचा तेवीसचा. आहे तसंच चालू दिलं तर त्याची दरड आधी.

तिने उलटं घड्याळ लावलं.

पडद्यावर सगळं जांभळं झालं, काटे मागे फिरले. भेगाळ पडला. तिने गाळोबा काढला.

फेरी १५. चाल निवडायला साठ सेकंद असतात. तिने दोन सेकंदांत दरड दाबली आणि कन्सोल मांडीवर ठेवला. नवरा नेहमी पाचेक सेकंद घेतो. दहा झाले. वीस झाले. त्याचा अंगठा बटणावर होता, पण दाबत नव्हता. तो पडद्याकडे पाहत होता, मग तिच्या हातांकडे, मग पुन्हा पडद्याकडे. "झोपलास का रे?" लिफ्टवाला म्हणाला. चाळीस. तिला वाटलं, हरायच्या आधी माणूस घेतो तेवढा वेळ घेतोय, घेऊ दे. पन्नास. चोपन्नला त्याने दाबलं.

आधी त्याचा गाळोबा हलला.

दरड कोसळायला पडद्यावर चार सेकंद लागतात. ती चारही सेकंद पाहत राहिली.

—

लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण बेतानेच. खुर्च्या सरकल्या. कुणीतरी चहाची किटली लावली.

"तुझा चोवीसचा होता," ती म्हणाली.

"एकोणीसचा आहे."

"मी चोवीसचा दिला होता. लिहिलंय माझ्याकडे."

"तो सोडून दिला मी. हा दुसरा." नवऱ्याने कन्सोलची वायर बोटाभोवती गुंडाळली. "तू धाकटीकडे होतीस ना, तिच्या बाळंतपणात, सात आठवडे. तेव्हा केला. तूच म्हणायचीस, अजून मंद असता तर बरं झालं असतं."

"एकोणीस निघायला किती अंडी लागली?"

"दोनशे बारा."

तिने मनात हिशेब केला. एका अंड्याला दहा मिनिटं धरली तरी पस्तीस तास. "तू अंडी उबवतोस होय."

"तेवढीच उबवली. घरात दुसरं करायलाही काही नव्हतं."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. बसचा नंबर सांगावा तसा म्हणाला. "तुला आणायला आलो होतो. येताना बसमध्ये सांगितलं. तू खिडकीशी होतीस. 'बरं केलंस' म्हणालीस."

तिने ती बस शोधून पाहिली. बॅगा आठवल्या. धाकटीने दिलेला खाऊचा डबा, तो मांडीवर ठेवून ती बसली होती, त्याचं झाकण सैल होतं, हेही आठवलं. बाकी काही सापडेना. दोन वर्षं तो एकोणीसचा गाळोबा दर रविवारी तिच्या डोळ्यांदेखत खेळत होता. कधी कधी तो हिशेबापेक्षा आधी हलायचा. तेव्हा तिला वाटायचं, समोरच्याने आकडे चुकवले.

"मी घड्याळ लावलं नसतं तर," ती म्हणाली.

"हो."

"तेवीस आधी हलला असता."

"हो."

"म्हणून थांबलास तू."

नवऱ्याने वायर सोडली आणि पुन्हा गुंडाळली. "मला पण हवी होती गं खुर्ची," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं. आता डोळे भरून यायला हरकत नव्हती. सगळी तयारी झाली होती, घसा, नाक, सगळं जागच्या जागी. ती वाट पाहत उभी राहिली. मग पोस्टमनकाकांनी हाक मारली.

काकांनी पट्टी लावून रजिस्टरमधलं 'दोघं' खोडलं आणि वर नवऱ्याचं एकट्याचं नाव लिहिलं. अक्षर टपोरं. मग मागचं पान काढलं. प्रतीक्षा यादी.

"खुर्ची आजच सोडायची, पण यादीत नाव आजच घालता येतं," ते म्हणाले. "आणि हे बघ, बाईंची बदली झालीय. दोन महिन्यांनी बर्फ रिकामं होतंय. बर्फाला कुणी विचारत नाही, यादीत एक नाव नाही. लिही. दिवाळं निघालेला प्रकार आहे, पण तू बांधशील."

"माझ्यासमोरच दिवाळं काढा," भूलवाल्या बाई म्हणाल्या. "अगं, घे तू. माझी काही जनावरं देते बरोबर. गरीब आहेत, चावत नाहीत."

तिने पेन हातात घेतलं. नावाच्या रकान्यात नाव लिहिलं. प्रकाराच्या रकान्यापाशी थांबली, पण फार वेळ नाही.

काकांनी चष्म्यावरून वाचलं. "चिखल?"

"हो."

"म्हणजे याच्या मागे."

"हो."

"अगं, यादीतल्याला आव्हान वर्षातून एकदाच देता येतं. आणि हा माणूस आपणहून खुर्ची सोडणाऱ्यातला नाही. याने आजवर काही म्हणून सोडलं—" काका थांबले, आणि पेनची शाई तपासू लागले.

"एक वर्ष थांबते," ती म्हणाली.

"बर्फ दोन महिन्यांत मिळेल, पोरी."

"नको."

"का पण?"

त्याची खुर्ची घ्यायची होती म्हणून, की वर्षातून एक सकाळ तरी त्याने तिच्यासमोर बसून चोपन्न सेकंद घ्यावेत म्हणून, हे तिने आत हात घालून चाचपून पाहिलं. दोन्ही सारखंच लागलं.

"मला चिखल बांधता येतो," ती म्हणाली.

बाहेर पडताना नवरा दाराशी भिंतीतला एक्स्टेन्शन बोर्ड काढत होता. ते काम नेहमी त्याचंच. "बर्फ घेतलंस?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

"यादीत बघ."

तो बघायला आत वळला. ती थांबली नाही.

बसमध्ये धाकटीचा फोन आला. "काय झालं?"

"हरले."

"अरे देवा. ताई, रडतेस का?"

"नाही."

"मग कसला आवाज येतोय?"

"बसचा."

"घरी पोचलीस की फोन कर. नाहीतर मी करते. ताई, ऐकतेस ना?"

"ऐकतेय," ती म्हणाली, आणि या वेळी धाकटीने नेमकं काय सांगितलं ते मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. घरी पोचल्यावर फोन करायचा.

घरी पोचून तिने फोन केला. मग वही उघडली, चोवीसवर काट मारली आणि शेजारी एकोणीस लिहिलं. एकोणीसच्या खाली काही निघत नाही. तिनेही एकोणीस काढला तर दोन्ही सारखे होतील, आणि मग उलट्या घड्याळात असो की सुलट्या, कोण आधी, ते खेळ चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतो. याहून जास्त कुणाच्याच हातात नाही.

दुपारचं ऊन ओट्यावर आलं होतं. तिने पहिलं अंडं घेतलं आणि रस्त्यावरून इकडून तिकडे चालायला लागली. चौतीस. दुसरं, तीस. तिसऱ्याला बावीस निघाला, वहीतल्या जुन्या आकड्यापेक्षा दोनाने मंद. तिने त्याला सोडून दिलं आणि चौथं घेतलं.